लाईट आली की चालू

पिंपळवंडीच्या थांब्यावर बसलेल्या हिराबाईच्या कानावर शेजारच्या दोघांचं बोलणं पडत होतं. एक तरुण मुलगी, आणि मांडीवर जेवणाचा डबा धरलेले एक म्हातारे.

"काका, तुम्ही दिवाळीला रिटायर झालात, पण नारायणगावच्या लॅबमधला तुमचा तो युनिक्सचा जुना कॉम्प्युटर काही बंद राहत नाही. संध्याकाळी शटडाऊन करून जाते, सकाळी बघावं तर चालू."

"रातची लाईट जाती का?"

"रोजच."

"मग बरोबर हाय. लाईट आली की आपोआप चालू व्हायचं सेटिंग मीच केलंय. शेतातल्या मोटारीला ऑटो लावत्यात ना, तसं."

"कशाला पण?"

"त्याला उठायला लई येळ लागतो. मी पोचायच्या आत तयार पायजे व्हता."

"आता महिन्यातून एकदा लागतो. रात्रभर चालून जळायचा एखाद्या दिवशी. प्लगच काढून ठेवू?"

"नगं. प्लग कपाटामागं हाय, दरयेळी कपाट सरकवावं लागंल. सुरुवातीच्या मेनूत जा, तिथं ते सेटिंग बंद कर."

"मग बंद राहील?"

"राहील की."

नारायणगावची एसटी आली. म्हातारे चटकन उठून पहिल्या पायरीवर चढलेसुद्धा.

"काका, तुम्ही कुठं निघालात?"

त्यांनी हातातल्या डब्याकडं पाहिलं.

"कुठंच न्हाई," ते म्हणाले, आणि हिराबाईला वाट देत खाली उतरले.