शेवंताबाईंचा रांजण

या श्रोतेहो, थोडं जवळ सरकून बसा. एका रांजणाची गोष्ट सांगायची आहे.

साल सत्त्याऐंशी. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या बसस्टँडवर अहिल्या परसवाड्याच्या गाडीसाठी रांगेत उभी होती. तिच्यापुढे शेवंताबाई आणि त्यांची शेजारीण रुख्माबाई बोलत होत्या.

"अवं शेवंते, अकरा वर्षं तू त्या शाळेत पानी भरून राह्यली. आता तेच काम पक्कं होऊन राह्यलं, मंग काहून रडतं?"

"जाहिरात निंघाली ना माय. ए पोरी, तुले वाचता येते? सांग बरं इले."

अहिल्यानं शेवंताबाईंनी पुढं केलेलं कात्रण वाचलं, "पाणी पाजणारी बाई पाहिजे. आठवी पास. वय पंचवीसच्या आत. दहा वर्षांचा अनुभव."

"म्हंजे पंधराव्या वर्षापासून हंडे उचलाचे, अन् आठवीबी शिकाची? देवानं तरी घडवली काय अशी बाई?"

"मले चाळीस लागले, रुख्मे. अन् शाळेत त मी फक्त पानी भरलं."

"साहेबाले सांगाचं होतं!"

"सांगतलं. म्हणे, नियम है बाई, हम क्या करें."

"पोरी, तुह्या हातात कायचा कागद हाय?" रुख्माबाईंनी विचारलं.

"त्याच जागेचा अर्ज, मावशी. आठवी पास आहे मी. अनुभव नाही."

गाडी आली, रांग हलली.

"तुले भेटली त एक ध्यानात ठेवजो, माय," शेवंताबाई म्हणाल्या. "पहिलीतल्या लेकरांचा हात रांजणात पुरत नाही. त्याइले ओंजळीत वतून देजो."

श्रोतेहो, भरला पेला ओठाशी न्याल तेव्हा क्षणभर शेवंताबाईंना आठवा.