पुस्तकात नसलेला शब्द

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष श्री. भय्याजी, मुंबईहून वेळ काढून आलेले सत्कारमूर्ती आणि रुपेरी पडद्यावरचे नामवंत नट श्री. आनंदराव, व्यासपीठावरचे मान्यवर, मंडळाचे उत्साही चिटणीस, डाव्या हाताला बसलेल्या माता-भगिनी, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले, आत्ताच शिफ्ट सुटून आलेले माझे बंधू! आपणां सर्वांना गुलाबरावाचा सविनय नमस्कार आणि जयभीम.

आजचा समारंभ दुहेरी आहे. आनंदरावांचा सत्कार आणि माझा निरोप. पोलादाच्या कारखान्यातली माझी नोकरी परवा संपली, उद्याच्या पॅसेंजरनं मी भंडाऱ्याला परत चाललो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, हारही मिळाला. चिटणीस कानात म्हणाले, "गुलाबराव, दोन शब्द बोला, पण दोनच बोला. नंतर नाटक आहे." त्यांचं बरोबर आहे. मी या मंडळाचा प्रॉम्प्टर. सहा वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर पुस्तक ठेवून, मी दुसऱ्यांना शब्द दिले. माझा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू जाऊ नये, हीच माझी कला. तो आवाज आज माईकवरून येतोय म्हणून काहींना चमत्कारिक वाटेल. वाटू द्या.

आनंदरावांबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. का बोलू नये? रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवणारा आपल्यातला माणूस. वडील रामाजी दुर्ग लाइनवर गँगमन होते, उन्हात रुळाचे बोल्ट आवळत जन्म गेला. अशा घरातला पोरगा चित्रपटाचा नायक होतो! 'शिलेदाराची प्रीत' लागला तेव्हा कोहक्यापासून उतईपर्यंतच्या वस्त्यांत कोणत्या घरात त्याचं नाव निघालं नाही? त्यानंतर त्याला दोन चित्रपट मिळाले, तिसऱ्याचं बोलणं चालू आहे असं ऐकतो. छान आहे. मनापासून अभिनंदन.

पण 'शिलेदाराची प्रीत' ज्या नाटकावरून निघाला, ते 'उमरेडी काठ' नाटक आपलं होतं हे आज सत्काराच्या भाषणांत किती जणांनी सांगितलं? मी मोजत होतो. एकानेही नाही.

म्हणून मी सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐकावं.

एकोणसाठ साल. पहिली भट्टी पेटली ते साल. आपण सगळे तेव्हा नवीन होतो. नागपूर, भंडारा, गोंदियाकडून ट्रंका घेऊन आलेलो. रेल्वेतले गार्ड जानराव यांनी नाटक लिहिलं. आज ते आपल्यात नाहीत. गोष्ट साधी होती. भोसल्यांच्या पागेतला एक शिलेदार आणि उमरेडला लुगड्याचे काठ विणणाऱ्या कोष्ट्याची मुलगी. दोघांची प्रीत जडते, शिलेदाराला धन्याच्या हुकमानं दुसरीकडे सोयरीक करावी लागते. शेवटच्या अंकात तो तिच्या मागाजवळ येतो आणि म्हणतो, तू मला विसर. शिलेदार म्हणजे हे आनंदराव. कोष्ट्याची मुलगी म्हणजे आपल्या अंजनाबाईंची ललिता. तेव्हा सतरा वर्षांची होती. आज टाइम ऑफिसात हजेरीचं काम करते, आणि आत्ता चौथ्या रांगेत बसली आहे. व्यासपीठावर नाही. निमंत्रणपत्रिकेत तिचं नाव शोधलं, तेही नाही.

तर जानरावांनी मूळ पुस्तक शुद्ध भाषेत लिहिलं होतं. नाटक म्हटलं की शुद्ध बोलायचं, असं आपल्याला कोणी शिकवलं देव जाणे! पुस्तकात मुलगी विचारते, "का बरं?" आणि तालमीत ललिता दर वेळी म्हणायची, "कावून?"

मी तिला थांबवायचो. "का बरं, बाई, का बरं." ती मान हलवायची, पुन्हा तिथे यायची आणि पुन्हा "कावून?" एका संध्याकाळी मी तिला अकरा वेळा थांबवलं. अकराव्या वेळी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "काका, तो मले सोडून चालला. तवा मी पुस्तकातलं कशी बोलू?"

जानराव कोपऱ्यात विडी ओढत बसले होते. उठले, माझ्या मांडीवरून पुस्तक घेतलं आणि "का बरं" वर रेघ मारली. पुढे महिनाभर बसून त्यांनी सबंध नाटकच आपल्या बोलीत लिहून काढलं. शिलेदारही आपला, मुलगीही आपली. प्रेम करून राहिले तेही आपल्यासारखं, भांडून राहिले तेही आपल्यासारखं.

पाहिलंत? 'करून राहिले' म्हणालो. व्यासपीठावर चढलो की मी 'मला' म्हणतो, आणि घरी भाकर मागताना 'मले' म्हणतो. तुम्हीही तेच करता. हसू नका.

पहिल्या प्रयोगाला मैदानात किती माणसं होती ते जुन्यांना आठवत असेल. शिलेदार म्हणाला, "मले विसरून जाय." मुलीनं मागावरचा हात काढला. त्याच्याकडे पाहिलं. आणि एवढंच विचारलं, "कावून?" पोरं रडायची थांबली, शेंगा फोडणारे हात थांबले. ओडिया, तेलुगू, छत्तीसगडी शेजारी आले होते, त्यांना मराठी कुठे येत होतं? त्यांनाही कळलं. तो शब्द कोणत्याही लेखकानं दिलेला नव्हता. तो ललिताचा होता, आणि तो मी अकरा वेळा तिच्या तोंडून काढून घेत होतो. हे मी आज सगळ्यांसमोर कबूल करतो.

मग चित्रपटवाले आले. नाटक पाहिलं, फार आवडलं म्हणाले. शिलेदार आणि मुलगी दोघांनाही कोल्हापूरला बोलावलं. आपण दुर्ग स्टेशनवर जाऊन दोघांना सारखे हार घातले. बरोबर अंजनाबाई गेल्या.

पुढचं मला अंजनाबाईंनी सांगितलं. तिथे दिग्दर्शक म्हणाले, चेहरे उत्तम आहेत, फक्त भाषा सुधारायला हवी. आनंदरावांना भाषा शिकवायला एक मास्तर ठेवले, दोन महिने रोज सकाळी. ललिता म्हणाली, "मलेही शिकवा जी." ते हसले. म्हणाले, तुमचं काही बिघडत नाही, तुम्हाला आम्ही दासीचं काम देणार आहोत, तिला असंच बोलायचं आहे.

ऐकलंत? तिला असंच बोलायचं आहे! नायिकेच्या कामाला दुसऱ्या बाई आल्या. त्या गुणी नटी आहेत, त्यांचा दोष नाही. चित्रपटात कोष्ट्याची मुलगी राहिलीच नाही, ती एका सरदाराची लहानपणी हरवलेली कन्या निघाली. म्हणजे प्रीत करायलासुद्धा घराणं लागतं! जो बोलतो शुद्ध, तो प्रेम करणार. जो बोलतो आपल्यासारखं, तो पाणी भरणार, दार उघडणार आणि लोकांना हसवणार. शिलेदारानं घोड्यावर बसावं आणि आपण घोड्याला चारा घालावा. ज्यांच्या हातचं लोखंड देशभर पुलाला लागतं, त्यांच्या तोंडचा शब्द प्रेमाच्या कामाचा नाही, असं तुम्हाला सांगितलं गेलं, आणि तुम्ही तिकीट काढून ते पाहिलंत.

अध्यक्षमहाराज, आपली चिठ्ठी मिळाली. "वेळ संपत आली." आभारी आहे. आटोपतो.

दुर्गच्या टॉकीजमध्ये रविवारी सकाळचा खेळ होता. आपण सगळेच होतो. मी सातव्या रांगेत, माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून ललिता आणि तिची आई. तो प्रसंग आला. पडद्यावर आनंदराव म्हणाले, "सखे, तू मला विसरून जा." आता प्रॉम्प्टरची सवय कशी असते? समोरचं माणूस क्षणभर थांबलं की ओठ आपोआप हलतात. नायिका थांबली आणि मी मोठ्यानं शब्द दिला, "कावून?" पडद्याला! अख्ख्या रांगेनं वळून पाहिलं. मला लाज वाटली. नायिकेनं तर दुसरंच लांबलचक काहीतरी म्हटलं. चंद्र, चकोर, जन्मोजन्मीचं नातं. ते संपतं न संपतं तोच खांबाआडून दासीनं डोकं काढलं, डोळे मोठे केले, आणि विचारलं, "कावून जी, बाईसायेब?"

सगळं थिएटर हसलं.

कोण हसलं? पुण्याचे लोक होते का तिथे? नाही. आपण हसलो. मिलवाले, रेल्वेवाले, ज्यांच्या घरी आई तोच शब्द दिवसातून शंभरदा म्हणते ते सगळे हसलो. ललितानं स्वतःचं तोंड पडद्यावर पाहिलं आणि ती सगळ्यांच्या आधी हसली. आपल्याला हसताना अवघड वाटू नये म्हणून हसली. अंजनाबाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्या पदराशी चाळा करत खाली पाहत होत्या.

आणि मी? मीही हसलो. ज्यानं तो शब्द जन्मताना पाहिला, तो मी हसलो. त्याचा राग माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मला त्या दिग्दर्शकाचा नाही येत तितका माझा राग येतो.

आता दोघांच्या कामाचं पुढे काय झालं ते पाहा. आनंदरावांचं आपण ऐकलं. ललितालाही चार पत्रं आली. तीन दासी आणि एक भाजीवाली. सगळ्यांत लिहिलेलं की तुमची ती गावठी बोली प्रेक्षकांना आवडली. तिनं चारही पत्रांना नाही म्हणून कळवलं.

आनंदराव, तू मान खाली घालू नको. बरं, 'तुम्ही' म्हणतो, सत्कारमूर्ती आहात. आज सकाळी तुम्ही माझ्या क्वार्टरवर आलात, चटईवर बसलात, आणि म्हणालात, "काकाजी, मले तरी कुठं आवडलं ते? पण तिथं बोलाची सोय नोती." मला तुमची दया आली. पण तासाभरापूर्वी याच माईकवर तुम्ही सांगितलंत की आपण एका सुसंस्कृत घराण्यातून आलात. आलातच! रामाजी गँगमन हा सुसंस्कृत माणूस होता. त्यांचं नाव का घेतलं नाही? दोन महिने ललिता दाराबाहेर उभी राहून तुमचे धडे ऐकत होती, तेव्हा एकदा तरी "हिलाही बसू द्या" म्हणायला काय झालं होतं? घोड्यावरून पडला असता का?

"घरी बोलू काकाजी," असं म्हणून राहिले आनंदराव. नाही जी. घरी आपण लई बोललो. आपलं सगळं खरं बोलणं घरीच राहते, अन् माईकवर दुसऱ्याचं.

अध्यक्षमहाराज, आता मुद्द्यावर येतो. यानंतर नाटक आहे. पत्रिकेत लिहिलं आहे 'उमरेडी काठ'. पण काल चिटणीसांनी मला नवीन पुस्तक आणून दिलं. चित्रपटातले संवाद उतरवून काढलेलं. सत्कारमूर्तींना बरं वाटावं म्हणून! मुलीचं काम शालू करणार. गुणी पोरगी आहे, तिनं पाठांतर चोख केलं आहे. आणि दासीचं काम दिलं आहे ललिताला. आपल्या मंडळानं! कोल्हापूरचे परके होते, तुम्ही कोण आहात? ती 'हाव' म्हणाली, कारण तिला रंगमंच आवडतो आणि तुमचं मन मोडवत नाही. आज खांबाआडून तिनं डोकं काढलं, तुम्ही पुन्हा हसलात, तर ती पुन्हा कधी नाटकात उभी राहणार नाही. हे ती म्हणाली नाही. मी तिला भंडाऱ्याला ती दहा वर्षांची होती तेव्हापासून ओळखतो, मला समजते.

म्हणून सांगतो. नवीन पुस्तक मी चिटणीसांच्या टेबलावर ठेवून आलो आहे. मी ते वाचणार नाही. मी मेलो तरी त्या पुस्तकातला एक शब्द कोणाला देणार नाही. आज जर नाटक व्हायचं असेल तर जानरावांचं होईल, आणि मुलीचं काम ललिता करील, कारण...

हो, ऐकलं. मागचे लोक "बोला काकाजी" म्हणून राहिले, पुढचे लोक "बसा" म्हणून राहिले. थांबा. कोणीतरी उभं आहे.

ललिता, बोल. मोठ्यानं बोल, बाई.

अध्यक्षमहाराज, ती काय म्हणाली ते मागे ऐकू गेलं नसेल. सवयीनं मीच सांगतो. ती म्हणाली, "काका, तुमी माह्यासाठी भांडून राहिले, पण इथंबी तुमीच बोलून राहिले. मले कोणी इचारलंच नाही. आता बसा. मले बोलू द्या."

बरोबर आहे तिचं. सहा वर्षं मी तिला शब्द दिले, आजही देतच होतो. ती काय करणार, कोणतं काम घेणार, घेणार की नाही, मला माहीत नाही.

तेव्हा इथेच पुरे. मंडळानं शाल दिली, मान दिला, सहा वर्षं स्टूल दिलं, त्याबद्दल आभार. सत्कारमूर्तींना जास्त बोललो, भय्याजींचा वेळ घेतला, त्याबद्दल आपल्या मोठ्या मनानं माफ कराल. टॉकीजमध्ये हसलो त्याची माफी मात्र तुमच्याजवळ नाही मागत. ती तिच्याजवळ मागतो.

ये बाई, वर ये. चिटणीस, माईक जरा खाली करा, ती ठेंगणी आहे. अन् साऱ्याईले एकच विनंती. ती बोलताबोलता थांबली, तर कोणी मधात शब्द देऊ नका. मीही देणार नाही.