फळ्यावरचा विकासविरोधी

परवा दहावीला उत्क्रांती शिकवताना माझी चांगलीच फजिती झाली. 'अँटी-इव्होल्यूशनिस्ट'ला मराठी शब्द आठवेना, म्हणून मोबाइलला विचारलं. त्याने इव्होल्यूशनचा सरळ विकास करून 'विकासविरोधी' दिला. मी तो फळ्यावर लिहिला.

तेवढ्यात नोटीस घेऊन आलेल्या आमच्या शिपाई मावशी दारातच थबकल्या. त्या विमानतळासाठी जमिनी गेलेल्या उलवे गावच्या.

"बाई, तो शब्द पुसा. जमीन द्यायला नाय बोलले म्हनून मोजनीच्या साहेबांनी आमच्या बाबांना हाच शब्द लावलेला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डस्टर उचलत म्हटलं, "अहो मावशी, हा वेगळा. माणसाचं माकडाशी नातं आहे, हे जे मानत नाहीत ना, त्यांच्यासाठी."

मावशींचा चेहरा खुलला. "मग बाबा त्यातले नाय. साहेबांचा माकडाशी नाता त्यांनी पयल्याच दिवशी वलखला होता."