जित्या वायरमनच्या फोटोला हार

रामकृष्णहरी म्हणा! ...हे काय? जेवून आलात ना? मग आवाज असा उपाशी का? पुन्हा म्हणा — रामकृष्णहरी! हां! आता देव जागा झाला. मघाशी नुसते आमचे मृदंगाचार्य जागे झाले होते.

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो. माणसाला चांगलं कधी म्हणायचं? सोपा आहे म्हणता? बरं, मग सांगा, शेजाऱ्याला तुम्ही शेवटचं चांगलं कधी म्हणालात? ...बघा! बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि बाप्ये मंडपाच्या छताकडं! अहो, वर काय उत्तर लिहून ठेवलंय का?

आपल्याकडं चांगलं बोलायचा मुहूर्त एकच — दहावा! एकदा पिंड ठेवला की सगळ्यांना कंठ फुटतो. 'देवमाणूस होता हो!' अरे, मग परवा त्या देवमाणसाशी बांधावरून भांडत होतं कोण? हसू नका, तुमच्याच गावचं सांगतोय असं वाटेल. नाही नाही, गोष्ट दुसऱ्या गावची आहे.

भोकरसांगवी नावाचं गाव. तिथं एक वायरमन होता, शिवदास खरात. आता वायरमन म्हणजे कोण? लाईट असली की जो कुणाला आठवत नाही आणि लाईट गेली की जो सगळ्यांना पाहिजे असतो, तो! देवाचंही तसंच आहे म्हणा. फरक एवढाच, की देवाला कुणी फोन करून आईबहिणीवरून बोलत नाही!

शिवदासला बोलायचे. गिरणीवाले भानुदासशेठ तर रोज बोलायचे. शेठची पिठाची चक्की थांबली, की शेठचं तोंड सुरू! 'अरे ए शिवदास! पगार घेतोस का खैरात?' शिवदास बिचारा खांबावर चढताना फोन बंद करून गाडीच्या डिकीत टाकायचा. का? वर तार हातात आणि कानात शिवी आली तर हात थरथरतो हो! ही त्याची रीत, लक्षात ठेवा.

त्याचे वडील गेनूआबा, डोंगराकडच्या गावात राहायचे. कधी पोराकडं मुक्कामाला आले, की जेवताना फोन वाजायचा. शिवदास उचलायचा, आणि पलीकडचा माणूस एवढ्या जोरात ओरडायचा की आबांच्या ताटापर्यंत ऐकू यायचं. त्या दिवशी आबा भाकरी अर्धीच खायचे. बापाला काय वाटत असेल, तुम्हीच सांगा. आपण पोर वाढवलं ते लोकांच्या शिव्या खायला का?

आणि एक दिवस काय झालं! वरून हुकूम आला — गावासाठी राबणाऱ्यांचा सन्मान करा. सरपंच सुदामतात्यांनी शिवदासचा सत्कार ठरवला. बोला! शिवदासनं बापाला फोन केला, "आबा, उद्या या. चार माणसं माझ्याबद्दल चांगलं बोलणार आहेत."

आबा म्हणाले, "नक्की तुझ्याबद्दलच ना रं?"

तरी निघाले! धुतलेलं धोतर, नवी टोपी, एसटीत खिडकीची जागा. साऱ्या वाटेनं कंडक्टरला सांगत होते, "पोराचा सत्कार हाय!" त्या म्हाताऱ्याला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, पोराचं चांगलं कानांनी ऐकायचं होतं.

इकडं पंचायतीपुढं मंडप. मागं शिवदासचा भला मोठा फ्लेक्स. समई लावली, उदबत्ती लावली. पाहुणे आले. आता सत्कार म्हणजे काय, तुम्हाला माहीत आहे! आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या हस्ते सरपंचांचा, मग सरपंचांच्या हस्ते पाहुण्यांच्या ड्रायव्हरचा! ज्याच्यासाठी मंडप घातला तो खुर्च्या लावतोय!

एवढ्यात, फट्! लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद, उकाड्यानं लोक उठून घरी. आणि लगेच शिवदासचा फोन! कोण असणार? भानुदासशेठ! ते कार्यक्रमाला आले नव्हते, दळणं होती ना. "अरे ए! इथं जोंधळा चक्कीत अडकलाय आणि तू तिथं शाली पांघरतोस होय?"

शाल अजून घडीतच होती हो. शिवदास तसाच उठला, गाडीला किक मारली आणि गेला माळावरच्या डीपीकडं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडं. तार तुटली होती. सबस्टेशनवरून लाईन बंद करून घेतली, फोन डिकीत टाकला आणि चढला खांबावर.

इकडं पाहुण्यांना घाई. "मला पुढं दोन लग्नं आहेत," म्हणाले. आता हार कुणाला घालायचा? तात्यांचं डोकं चाललं! म्हणाले, "माणूस नाही तर नाही, फोटो आहे ना? फोटोला घाला!"

अरे देवा! मंडळी, जिवंत माणसाच्या फोटोला हार! वर आणि काय केलं? हाराला खालून आधार म्हणून समईचं टेबल फ्लेक्सला टेकवलं. उदबत्तीचा धूर सरळ शिवदासच्या नाकात! फोटो काढला, गावाच्या ग्रुपवर टाकला, आणि तात्या पाहुण्यांना घेऊन जेवायला ढाब्यावर गेले. खाली एक अक्षर लिहिलं नाही. कशाला लिहायचं? फोटोच बोलका होता!

पहिला कोण बोलला? पुण्याला राहणारा एकजण. त्याला गावातलं काही ठाऊक नसतं, पण घाई सगळ्यात जास्त! 'भावपूर्ण श्रद्धांजली.' झालं! मग काय, मेंढरामागं मेंढरू! एकानं फुलं टाकली, एकानं विझणारी पणती टाकली. एकीनं चुकून केक टाकला, मग काढला. कुणी शिवदासला फोन लावून बघितला, तो बंद! म्हणजे पक्कंच की!

भानुदासशेठनं फोटो बघितला आणि मटकन जोंधळ्याच्या पोत्यावर बसले. "मीच फोन केला रे! माझ्या दळणापायी गेला!" पिठानं पांढरे झालेले शेठ तसेच रडत मंडपाकडं पळाले. वाटेत लोकांना वाटलं, शिवदासचं भूतच आलं!

मंडपात ही गर्दी. आणि त्याच वेळी एसटीतून उतरून गेनूआबा आले. नवी टोपी नीट करत आत बघतात तर काय? पोराच्या फोटोला हार. उदबत्ती. आणि पांढराफटक शेठ गळ्यात पडून ओरडतोय, "आबा, माळावरच्या खांबावर तुमचा हिरा गेला!"

म्हातारा तिथंच जमिनीवर बसला.

आणि मग लोक बोलायला लागले हो! काय बोलले! कलावतीकाकू म्हणाल्या, "पोरांच्या परीक्षेत डीपी जळाला, तर उपाशीपोटी राबला माझा भाऊ!" हीच काकू मालिका बुडाली म्हणून त्याच्या सात पिढ्या काढायची! शेठ म्हणाले, "दिवाळीत स्वतःच्या घरी गेला नाही, आमचे आकाशकंदील विझू नयेत म्हणून थांबला." आबांना ती दिवाळी आठवली. त्यांनी पोरासाठी करंज्या झाकून ठेवल्या होत्या.

सगळे रडत होते. आबा रडले नाहीत. नुसते ऐकत होते.

आणि अचानक, भक्क! लाईट आली! पंखे फिरले, तात्यांचा स्पीकर चालूच राहिला होता, त्यावर सनई वाजायला लागली! आणि काकू काय म्हणाल्या? "अगं बाई, नळ आला असंल! मोटर लावते!" अहो, निम्मं दुःख हंडे घेऊन पळालं!

आबांनी मान वर केली. "शेठ, लाईट कुणी आणली?"

शेठनं डोळे पुसले. "नवा वायरमन आला असंल. बघा कसा लगीच आणली! नाहीतर आपला शिवदास, देव त्याला शांती देवो, लई वेळ लावायचा."

बघा! मेला तरी सुटला नाही!

आबा ताडकन उठले. "शेठ, आमच्या गावात वायरमन रजेवर गेला तर बदली माणूस यायला पावसाळा उलटतो. आन् तुमच्यात मढं निवायच्या आत नवा आला? माझं पोरगं खांबावर हाय!" आणि म्हातारा धोतर सावरत माळाकडं धावला. मागं शेठ, मागं उरलंसुरलं गाव.

शिवदास नुकताच खाली उतरत होता, हात काळे, शर्ट फाटलेला. बापाला बघून म्हणाला, "आबा, आलात? सत्कार चुकला बघा माझा."

आबांनी त्याला मिठी मारली. "न्हाई रं. झाला. लई मोठा झाला!"

तेवढ्यात शेठ पोचले. शिवदासला धडधाकट बघितलं, वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दम घेतला, आणि मंडळी, पहिलं वाक्य काय असेल? "जिवंत आहेस होय! मग फोन का बंद रे तुझा? जोंधळा अडकला होता माझा!"

आबा वळले. म्हणाले, "शेठ, मगाशी मंडपात बोलला ते आता याच्या तोंडावर बोला."

शेठनं खांबाकडं बघितलं. आभाळाकडं बघितलं. घसा खाकरला. अर्धा मण पीठ उडालं. आणि म्हणाले, "तसा... बरा आहे."

बरा आहे! मघाचा हिरा एवढ्यात बरा झाला! काकू हंडा घेऊन आल्या होत्या, त्या पदर चावायला लागल्या.

तेव्हा आबा बोलले, आणि इथं जरा टाळ थांबवा. आबा म्हणाले, "माझं पोरगं मेलं म्हणून सांगत होता तुम्ही, आन् मी बाप, मला रडू आलं न्हाई. का? तर मी ऐकत होतो. माझ्या लेकराचं चांगलं पहिल्यांदा ऐकत होतो. ते संपू नये असं वाटत होतं मला. बापाच्या मनात असं यावं, एवढं उपाशी ठेवलंत तुम्ही आम्हाला."

शिवदास खाली मान घालून पक्कड पुसत राहिला.

मंडळी, संपली गोष्ट. आता त्या गावाला नावं ठेवू नका. मागं वळा. वळा हो, मान मोडत नाही! तो बघा, मंडपाच्या खांबाला टेकून उभा आहे. माझा माईक, तुमचे पंखे, देवावरची ही माळ, सगळं दुपारपासून त्यानं जोडलंय. ओळखता ना? तुमच्याच गावचा वायरमन! आल्यापासून त्याला कुणी बस म्हणालं का?

आता आधी हे, मग आरती. तुमच्यातला एकजण उठेल, त्याच्यासमोर जाईल आणि मोठ्यानं त्याला चांगलं म्हणेल. 'बरा आहे' चालणार नाही! ...उठा. ...अहो, उठा की कुणीतरी! ...सरपंच, तुम्ही? ...का आधी त्याच्या फोटोला हार घालून आणू?