गुणाचा झाला

समोरच्या सीटवर तान्हं लेकरू दिसलं आणि संघप्रियानं कपाळाला हात लावला. पण अहेरीहून निघालेली बस आष्टी ओलांडून गेली तरी ते रडलं नाही, तेव्हा तिनं निवांत डोकं टेकलं. पुढं सासू सुनेला शिकवत होती.

“रडण्या-रडण्यात फरक रायते, पायल. भुकेलं पोट्टं थांबून थांबून रडते, पदराखाली घेतलं का चूप. पोट दुखलं का पाय आखडून किंचाळते. कान दुखला तर कानाकडं हात नेते. पाच लेकरं वाढवली म्या.”

“काल माहेरी हा लय रडला, आई.”

“कसा?”

“किंचाळून. मंग सकाळपासून गुणाचा झाला. आवाजच नाई.”

“दूध?”

“तोंडात घेते, पण ओढत नाई. झोपूनच रायते.”

“दे माह्याजवळ.”

लेकराच्या तळपायावर सासूची टिचकी वाजली. मांजराच्या पिलासारखा एक बारीक आवाज आला आणि विझला.

“अन् हे तू मले आता सांगते?”

“तुम्हीच म्हणता ना, रडणं थांबलं का दुखणं गेलं.”

“हसत-खेळत थांबलं तर. असं नाई. कंडक्टर भाऊ, चामोर्शीत दवाखान्यासमोर गाडी थांबवा.”

“तिथं स्टॉप नाई, बाई. स्टँडवर उतरा.”

“रडत असता तर स्टँडपर्यंत नेला असता, भाऊ.”

दवाखान्याचं फाटक दिसू लागलं. घंटीची दोरी संघप्रियाच्या डोक्यावरूनच जात होती. तिनं ती ओढली.