धबधबा चढून आलेला मासा

—नाही, बूट इतक्यात नाही मिळणार. भिजू देत. टबातलं जंतू मारायचं औषध काय शोभेला ठेवलंय? काल कुठल्या तळ्यात उतरला होतात? — तेच ते, खालचं. तिथल्या पाण्याचा थेंबही इथं आणायचा नाही. वाचलीत ना पाटी? आमच्या हाल्वोरनं स्वतः रंगवलीय. सरोवर समितीचा अध्यक्ष आहे ना नवरा माझा! पगार नाही, पण लोकांचे बूट उतरवायचा अधिकार आहे. बसा असे अनवाणी. वाफल घ्या, वर तपकिरी चीज आहे — बर्गनची माणसं त्याला तोंड वाकडं करतात म्हणे, तुम्हीही करा, पण खा.

सुंदर? हो तर, सुंदर आहेच. सगळेच म्हणतात. जूनपर्यंत बर्फ, पलीकडे बर्चची खुरटी झाडं, मध्ये निळंशार पाणी — फोटोत काय, आतला मासा दिसत नाही. पूर्वी इथला ट्राउट कापला की मांस कसं लालबुंद निघायचं. का? तर काठच्या उथळ पाण्यात, दगडांखाली, बारीक कोळंबीसारखे किडे असतात, ते खाऊन. आता ते किडे कोण खातं? ओरेकित! बोटाएवढा मासा, पण थवेच्या थवे येतात आणि सगळं साफ करतात. ट्राउटच्या पिल्लांना उरतं काय — हवा! आताचा ट्राउट फिकट, हडकुळा. नाताळासाठी आंबवायला घातला तर मासा कुठला नि काटा कुठला कळत नाही.

कुठून आला म्हणता? वा! हाल्वोर रोज जेवताना हेच विचारतो. येताना धबधबा पाहिलात ना? तो ट्राउटलाही चढता येत नाही. मग हा बोटभर मासा काय दोर लावून चढला? कुणीतरी बादलीतून आणला, जिवंत आमिष म्हणून. बंदी आहे त्याला, म्हणूनच आणतात. समितीच्या सभेत दर वर्षी गुन्हेगार ठरतो — एकदा स्वीडिश, एकदा जर्मन, गेल्या साली तर तुमचं अख्खं बर्गन. मीही हात वर करते, मला काय! मग हाल्वोर उठतो आणि म्हणतो, ज्यानं हे केलं त्याला या पाण्यात पुन्हा वल्हं घालू देणार नाही, मग तो राजा का असेना. टाळ्या!

अहो, कसला गुन्हेगार घेऊन बसलेत. दिवसभर गळ टाकून बसला, एक मासा लागला नाही, आणि निघताना बादलीत हे उरले, वळवळत. जमिनीवर ओतून मारायचे? त्याच्यानं नाही होत. लहानपणी भिंतीवरचा कोळीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. दिले पाण्यात सोडून. लाल बादली, आमच्याच गोठ्यातली—

कॉफी घ्या ना. गार होतेय.

फोनवर रडला हो माझ्यापाशी. चाळिशीचा बाप्या! "आई, मला ठाऊक नव्हतं." ठाऊक नव्हतं म्हणे, अध्यक्षांच्या चिरंजीवांना! तेव्हापासून गाउतेचा नाताळ ओस्लोत. हाल्वोर म्हणतो, गाउते मोठा साहेब झाला, आता आपल्या माशाचा त्याला वास येतो — आणि स्वतः ताटलीतला मासा तसाच टाकून उठतो. आणि मी मध्ये, कानाला फोन लावून, दोघांशी खोटं बोलत. किडे संपले, ट्राउट खुरटला — वाईट झालं, फार वाईट झालं, मला का कळत नाही? पण मला माझा मुलगा हवाय. सरोवराचं नंतर बघू.

काय करणार म्हणजे? आज सांगणार हाल्वोरला. बादली मी ओतली. मी! मांजरासाठी आणले होते, म्हणेन, दया आली. काय करेल? सभेत उभी करेल? करू दे. वल्हं घालू देणार नाही? नाहीतरी पाठ धरतेच माझी. घराबाहेर तर काढणार नाही — स्वयंपाक कोण करेल त्याचा? महिनाभर अबोला धरेल, तेवढीच घरात शांतता. आणि गाउते येईल, बसेल बापासमोर.

तुम्ही काय ऐकलंत आत्ता? — छे. तसं नाही ऐकलंत. म्हातारीनं ओतली, असं ऐकलंत. म्हणा बघू. — हं. आता उठा, घाला ते बूट, ओले तर ओले. हाल्वोर नाव काठाला लावतोय.