धार तुटेपर्यंत थांबायचं

जयपूरच्या आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष माननीय आप्पासाहेब, आजचे सत्कारमूर्ती उत्तमराव आणि विजयमालावहिनी, व्यासपीठावरची पाहुणेमंडळी आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना माझा सविनय नमस्कार.

आप्पासाहेबांनी बजावलंय, "अलकाताई, थोडक्यात आटपा." पण ज्यांना निरोप द्यायचा ते गृहस्थच थोडक्यात मावणारे नाहीत, त्याला मी काय करू?

उत्तमराव लष्कराच्या वाहनखात्यातून निवृत्त झाले आणि इथेच बनी पार्क वस्तीत राहिले. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली, हे आपण पाहिलंच. मग पन्नाशीला टेकलेल्या वहिनी मोटार शिकल्या. आज चौसष्ट साली, या शहरात, पदर खोचून मॉरिस चालवणारी दुसरी मराठी बाई मला दाखवा! आता दोघं कायमची साताऱ्याला निघालीत. आणि उत्तमराव म्हणाले, आम्ही आमच्या गाडीनेच जाणार. कोटा, इंदूर, धुळे करत.

झालं! मंडळात हलकल्लोळ. वाटेत गाडी बंद पडली तर? एकटी बाई, शेजारी आंधळा माणूस! शेवटी कार्यकारिणीने ठरवलं, निरोपाची भेट म्हणून रेल्वेची तिकिटंच द्यायची आणि गाडी इथेच विकायला लावायची. हे सांगायचं कोणी? बायकांचं बायका ऐकतात म्हणून माझी रवानगी झाली.

गेल्या रविवारी सकाळी तिकिटं पर्समध्ये घालून मी गेले. फाटकातच वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "गाडी जरा फिरवून आणली. तेल बदलायचंय, गरम असलं की घाण घेऊन उतरतं."

आता तेल बदलण्यावरून आपल्या पुरुषांत केवढे पंथ आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्या ह्यांचा पंथ सर्वांत सोपा. जुनं काढायचंच नाही, वरून नवं ओतत राहायचं! आप्पासाहेब आधी पातळ तेल घालून इंजिन धुऊन काढतात, म्हणजे गाडीला जुलाबच देतात म्हणा ना. (हसू नका, अध्यक्ष आहेत.) सोडाला नाक्यावरचा मिस्त्री वरच्या भोकातून पिचकारीने तेल ओढतो, "नीचे घुसने की जरूरत ही नहीं, बहनजी." मी उत्तमरावांना विचारलं, यातलं खरं कुठलं? ते म्हणाले, "पिचकारीने तळाचा गाळ तळालाच राहतो. आणि जयपूरची वाळू तळालाच बसते."

एवढं बोलून ते गोणपाटावर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. मी वहिनींकडे पाहिलं. त्या शांत उभ्या. उत्तमरावांनी तळाचा बोल्ट चाचपला, पान्याने सैल केला, शेवटचे आटे बोटांनी. आणि बोल्ट सुटता क्षणी हात असा मागे घेतला की ते कढत तेल घमेल्यात पडलं, बोटाला शिवलंसुद्धा नाही. अगं आई गं!

मग ते नुसते पडून राहिले. ऐकत. धार बारीक झाली, थेंब पडू लागले. मी म्हटलं, "झालं की!" ते म्हणाले, "नाही ताई. धार तुटेपर्यंत थांबायचं, आणि मग थेंबांनाही वेळ द्यायचा." बाहेर आल्यावर त्यांनी घमेल्यातलं तेल चिमटीत घेऊन चोळलं. आपण पाकाची तार बघतो ना, अगदी तसं. कच लागते का, कुठे धातूचा कण टोचतो का, हे बघत होते. "निरोगी आहे," म्हणाले.

बोल्ट आवळून नवं तेल ओतलं. तेल मोजायच्या पट्टीवर त्यांनी कानशीने खाचा पाडल्यात. पट्टी बाहेर काढून नखाने ओल कुठवर आली ते पाहिलं. वहिनी बघायला वाकल्या, तर उत्तमराव म्हणतात, "बघ, पण सांगू नकोस." आणि स्वतःच म्हणाले, "वरच्या खाचेला जरा कमी." वहिनींनी नुसती मान हलवली. मी पाहिलं, तसूभरही चूक नव्हती. खरंच सांगते, देवळातही कधी इतकी गप्प उभी राहिले नसेन.

ते हात धुवायला आत गेले, तेव्हा वहिनी हळूच म्हणाल्या, "साताऱ्याचे आमचे धाकटे भावजी म्हणतात, गाडी विका, रेल्वेने या, स्टेशनावर दादाला उतरवून घेतो. उतरवून घेतो म्हणजे काय हो? ट्रंक आहेत का ते?"

चहा घेतला आणि तिकिटं पर्समध्येच ठेवून उठले.

तर अध्यक्षमहाराज, समोरच्या टेबलावर फुलांच्या कागदात गुंडाळलंय ना, त्यात तिकिटं नाहीत. ती मी सोमवारी स्टेशनावर जाऊन परत केली. कागदात इंजिन तेलाचा डबा आहे. वाटेत पुन्हा बदलायची वेळ आली तर हाताशी असावा. आप्पासाहेब, असे पाहू नका, मी कोणालाच विचारलं नाही.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. तिकिटांबद्दल मात्र मी माफी मागणार नाही.

वहिनी, उद्या सकाळी आम्ही सगळे तुमच्या फाटकाशी येऊ. गाडी तुम्ही चालवा. आणि उत्तमराव, निघताना हॉर्न तुम्ही वाजवायचा.